नंदिनीच्या उजव्या पायाचा फर्मा

मी एक जुना फर्मा आहे. मित्रांनो, ज्याच्यावर चामडं चढवून बूट शिवतात तो लाकडाचा पाय म्हणजे मी. मी उजवा, माझा जोडीदार डावा. नागपूरच्या इतवारीतल्या मार्तंड कारागिरांनी आम्हाला शिसवातून कोरलं. पुढे त्यांचा मुलगा विश्वनाथ आमच्यावर बूट शिवू लागला. लग्नसराईत आम्हाला उसंत नसे. नवा जोड घालून गिऱ्हाईक दोन पावलं चाललं आणि हसलं की मला धन्य वाटे.

मग फोनवरून बूट मागवायचे दिवस आले. परदेशातले हलके, रंगीत जोड थेट दाराशी येऊ लागले. विश्वनाथकडे उरलं ते त्यांचे उखडलेले तळवे चिकटवणं. आम्ही गोणीत पडलो. तीन वर्षांनी एका सकाळी त्याने ती गोणी भंगारवाल्यासाठी दारात आणून ठेवली.

तेवढ्यात नंदिनी आली. जन्मापासून तिचा उजवा पाय डाव्यापेक्षा लहान होता.

"तीनदा ऑनलाइन मागवले, काका. डावा बसते, उजवा निघूनच जाते. कापूस कोंबून किती चालू? सोमवारपासून खापरखेड्याले नोकरी आहे, दिवसभर पायावर राहा लागते." बोलता बोलता तिचे डोळे भरून आले.

"काहून रडून राहिली वं? तुह्या पायात खोट नाही. त्या बुटाले तुहा पाय माहीतच नाही."

विश्वनाथने तिची दोन्ही पावलं कागदावर आखली आणि गोणीचं तोंड सोडून आम्हा दोघांना बाहेर काढलं. कानस माझ्या अंगावर फिरू लागली. मी घाबरलो. एकदा झिजलो की मी दुसऱ्या कुणाच्या कामाचा राहणार नव्हतो. पण हळूहळू मी नंदिनीचा पाय झालो.

रविवारी बूट तयार झाले. ती गल्लीच्या टोकापर्यंत गेली, परत आली. एकदाही तिने खाली पाहिलं नाही.

"काका, मी चालून राहिली!"

विश्वनाथने भंगारासाठी काढलेली गोणी उचलून पुन्हा आत ठेवली.

त्या बुटांचा फोटो नंदिनीनेच इंटरनेटवर टाकला. आता पारशिवनीहून, पुण्याहून लोक पावलं आखलेले कागद पाठवतात. मागच्या महिन्यात एक जोड दुबईला गेला. विश्वनाथ पुन्हा नवे फर्मे कोरतो आहे.

मित्रांनो, दूरची वस्तू खुशाल मागवा. पण त्याआधी एकदा आपल्या गल्लीतल्या कारागिराला विचारून पाहा. तुमचं माप घ्यायला त्याचे हात तयार आहेत. त्यांना रिकामं बसू देऊ नका.