ट्रकवाल्यांचा पार

आमच्या वाड्यावर कोण बुडाला आणि कोण तरला हे बँकेच्या आधी देवळात कळतं. हसू नका. मी सगुण परब, डिचोली तालुक्यातला, शिरगावच्या रस्त्यावरचा ट्रकवाला. तीस वर्षं खाणीची लाल माती वाहिली. खोटं बोलायची मला सवय नाही. जास्त बोलायची आहे, ती गोष्ट वेगळी.

श्रावणात आमच्या देवळात चोवीस तास अखंड भजन असतं. सूर्योदयाला सुरू झालं की दुसऱ्या सूर्योदयापर्यंत नाम खंडता कामा नये, श्वासाएवढीही फट पडता कामा नये. त्या चोवीस तासांचे आठ पार, म्हणजे तीन-तीन तासांच्या आठ पाळ्या, आणि एकेक पार एकेका धंद्याचा. पसरकारांचा, म्हणजे किराणावाल्यांचा एक, न्हाव्यांचा एक, सुतारांचा एक, असं. दुपारी तीन ते सहा आमचा, ट्रकवाल्यांचा. एकतीस वर्षं! आणि आमच्या पाराची सर दुसऱ्या कुणाला नव्हती. फोंड्याहून बुवा आणायचो. एका वर्षी पखवाजवाला थेट पुण्याहून आणला होता. वाड्याभर बुंदीचे लाडू. आम्ही स्वतः काय करायचो? इस्त्रीचे कपडे घालून पुढच्या रांगेत बसायचो आणि मान डोलवायचो. गाणं हे बिदागी घेणाऱ्याचं काम.

मग अठरा साली खाणी बंद पडल्या. जुन्या गाड्या आम्ही विकल्या, उरलेल्यांवर बांधकामाचे चिरे वाहिले, पण पार सोडला नाही. आणि वीस साली मार्चमध्ये कोरोना आला, तेव्हा चिरेसुद्धा थांबले. मैदानात नऊ ट्रक ओळीने उभे राहिले ते राहिलेच.

त्या दिवसांत लोक रोगाला घाबरत होते हे खरं, पण त्याहून जास्त घाबरत होते ते 'पुढे खायचं काय' याला. मास्क नाकाखाली ओढायचा आणि एकच विषय. आज कोणाचं दुकान उघडलं नाही? कोणाच्या पोराला कळंगुटच्या हॉटेलवाल्यांनी घरी बसवलं? कोणी बायकोच्या पाटल्या मोडल्या? आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून! आणि सगळ्यांची नजर शेवटी येऊन थांबायची आमच्यावर. कारण ट्रक चालला तर गॅरेज चालतं, पंक्चरवाला चालतो, सुविधा चहावालीच्या गाड्यावर भजी नि उंडे पाव खपतात. ट्रकवाले गेले म्हणजे वाडा गेला, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

अशात एका सकाळी गोकुळदास पसरकार आमच्या जनेलाबाहेर, म्हणजे खिडकीबाहेर, येऊन उभा राहिला. तो देवळाच्या समितीचा मुख्य. आत यायला तयार नाही, चार हात लांबून बोलतो.

"सगुणबाब, समितीचं ठरलं. एका वेळी आत पाचच माणसं. बाहेरगावचा माणूस नको, ज्याचा पार त्यानेच सांभाळायचा. आता तुमच्यात गाणारा कोण आसा? म्हणून म्हणतो, यंदापुरता तुमचा पार आमी पसरकार घेतो."

यंदापुरता! खाणीसुद्धा यंदापुरत्याच बंद झाल्या होत्या. माझं डोकं सणकलं.

"गोकुळदास, तुझ्या दुकानातली साखर संपली तर तू दुकान माझ्या हवाली करतोस काय रे?"

तो चिडला नाही. गोकुळदास माणूस सरळ, नियमाबाहेर पाऊल न टाकणारा. "रागावू नको," म्हणाला. "लोक आत्ताच मला विचारतायत, ट्रकवाले पार सोडणार काय? सुविधा तर गाडा बंद करून माहेरी जायचं म्हणते. पण पार घेतलास आणि भजन मध्येच खंडलं, तर? मग लोक म्हणतील, संपले. मग सुविधाला कोण थांबवणार आणि बाकीच्या वाड्याला कोण थांबवणार?"

"खंडायचं नाही," मी म्हटलं. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

तो गेल्यावर आतून बायको आली. सुमंगला. बायकांच्या भजनी मंडळात ती लग्नाच्या आधीपासून गाते.

"गाणार कोण? तुम्ही?" ती म्हणाली. "अहो, तुम्ही न्हाणीघरात गुणगुणलात तरी शेजारची म्हैस दूध चोरते."

"मग शिकव," मी म्हटलं.

आता खरं तर मला वाटलं होतं की ती हसून सोडून देईल. पण ती पदर खोचून मैदानात आली. बारा दिवस, रोज संध्याकाळी चारला, एका ट्रकच्या हौद्यात आमची शाळा. नऊ ट्रक, पण आले आम्ही पाचच. बाकीचे लाजले, बायकोकडून शिकायचं म्हणजे काय! आमच्या पाचांत एक माझा ड्रायव्हर रघुनाथ. हा सीमेपलीकडच्या दोडामार्गचा, मार्चमध्ये सीमा बंद झाली तेव्हा अलीकडेच अडकला आणि आमच्याच पडवीत राहिला, म्हणजे आता वाड्यावरचाच. त्याच्या घरी दशावताराची परंपरा, त्यामुळे पखवाजाला त्याचा हात बसलेला. दुसरा पांडुरंग, याचा आवाज म्हणजे खडी फोडायचं मशीन.

"आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार," सुमंगला कपाळाला हात लावून म्हणायची. "सूर राहू दे बाबांनो. निदान ताल सोडू नका. आणि हळू सुरू करा. तीन तास काढायचे आहेत."

ऐकतो कोण?

भजनाच्या दिवशी देवळासमोर चुन्याचे गोल आखले होते, प्रत्येक गोलात एक माणूस. तीन वाजायच्या आधी सगळे गोल भरले. सुतारांच्या पाराला दहा माणसं नव्हती आणि आमच्या पाराला अख्खा वाडा! देवासाठी आले असतील असं म्हणायला माझी जीभ धजत नाही. आम्ही पडतो की राहतो, हे बघायला आले होते. कोणाच्या चेहऱ्यावर कुचेष्टा नव्हती, हे मात्र सांगतो. डॉक्टर बाहेर येऊन काय सांगतो याची वाट बघणाऱ्या माणसांचे चेहरे असतात, तसे होते.

आम्ही पाच जण आत बसलो. सुतारांकडून नाम उचललं. आणि अहो, पहिला तास काय सांगू! कौलं हलली. मास्कमधून आवाज, तरी रस्त्यापर्यंत. पांडुरंग डोळे मिटून असा गर्जत होता की गाभाऱ्यातला दिवा थरथरला. मी मनात म्हटलं, कुठे आहे तो फोंड्याचा बुवा, बोलवा त्याला.

सव्वाचारला माझ्या लक्षात आलं की सगळा घाट आम्ही टॉप गिअरात घेतला होता. घसे सुकले. मास्क ओले होऊन नाकाला चिकटले. आणि तेवढ्यात पांडुरंग खोकला.

वीस सालात भर देवळात खोकणं म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. बाहेरचे गोल एकदम चार पावलं मागे गेले. गोकुळदासने दारातून हात केला, पांडुरंग बिचारा उठून मागच्या दाराने घरी. साधा ओरडून आलेला खोकला, पण पटवणार कोणाला? त्यानंतर उरलेले दोघे खोकला येईल या भीतीने गायचेच थांबले, नुसते ओठ हलवायला लागले. थोड्या वेळाने ते दोघेही उठून गेले. रघुनाथचा गळा केव्हाच बसला होता, पखवाज मात्र त्याने सोडला नाही.

पाच वाजले तेव्हा त्या देवळात एकच आवाज होता, आणि तो माझा होता. आवाज तरी कसला, पत्रा ओढावा तसं काहीतरी. एक तास बाकी. पाठीवरून घाम वाहतोय, नाम चाललंय, आणि डोळ्यांसमोर पायरी. त्या पायरीपाशी गोकुळदास आला. मागे त्याचे चार पसरकार. त्यांनी चपला काढल्या, पाय धुतले. कोणी वाकडं बोललं नाही. मी थांबलो की ते सुरू होणार, भजन काही खंडणार नव्हतं. खंडणार होते ते आम्ही. मला रडू येत होतं आणि रडायची सोय नव्हती, कारण नाम चालू ठेवायचं होतं.

तेव्हा सुमंगला तिच्या गोलातून बाहेर आली. मागून मंडळातल्या तिघी आल्या.

"थांबा गोकुळदासबाब. आम्ही बसतो."

"वयनी," गोकुळदास हात जोडून म्हणाला, "हा ट्रकवाल्यांचा पार. मंडळाचा न्हय. ज्याचा पार त्यानेच करायचा, हा नियम."

"बरोबर. मग ट्रकवाल्यांनाच बसू द्या. मैदानात जे ट्रक उभे आहेत ते कोणाचे?"

"आता हे काय विचारणं? एक सगुणबाबचा, एक पांडुरंगचा..."

"आरसी बुक बघितलंत?"

मी आतून सगळं ऐकत होतो. लग्नाला चौतीस वर्षं झाली, पण ती बोलतेय आणि मला मध्ये तोंड घालता येत नाही असं त्या दिवशी पहिल्यांदाच झालं. आणि ती काय बोलणार हे कळल्यावर मला घाम दुप्पट फुटला. झालं होतं असं, की आमच्या युनियनचा नियम होता, एका नावावर एकच गाडी. आम्ही शहाणे! पहिली गाडी आपल्या नावावर घेतली, दुसरी बायकोच्या. खाणी बंद पडल्यावर विकायची वेळ आली तेव्हा जुन्या विकल्या, म्हणजे आमच्या नावावरच्या. नव्या ठेवल्या.

"मैदानात नऊ ट्रक आहेत," सुमंगला सांगत होती, सगळ्या गोलांना ऐकू जाईल असं. "त्यातले सात बायकांच्या नावावर. एक माझा. पांडुरंगचा म्हणता तो या क्षमाचा. तो हिरवा सुलोचनाचा. तो कोपऱ्यातला पल्लवीचा. कागद आणून दाखवू? म्हणजे हिशेबाने बघितलंत, तर आत गातोय तोच उपरा आहे."

कोणीतरी फस्सकन हसलं. मग दुसरा. मग सगळे गोल हसायला लागले. मार्चपासून आमच्या वाड्यावर इतकी माणसं एका वेळी हसलेली मी ऐकली नव्हती. मी मात्र नाम घेत होतो. उपरा तर उपरा!

गोकुळदास हसला नाही. तो विचार करत होता. नियमाचा माणूस, नियमात सापडला होता. शेवटी खाली वाकून त्याने चपला पायात घातल्या.

"बसा," तो म्हणाला. "पण आत पाचच. मोजून."

सुमंगला येऊन माझ्या बाजूला बसली. एक टाळ घेतला. आणि माझ्या तोंडातलं नाम तिने असं उचललं, की कुठे मी संपलो आणि कुठे ती लागली हे रघुनाथलाही कळलं नाही. क्षमा, सुलोचना, पल्लवी आणि पखवाजावर रघुनाथ. पाच पुरे झाले, मी उठून पायरीवर येऊन बसलो.

आता जे ऐकलं ते मी ट्रकच्या भाषेत सांगू शकत नाही. आमचा गोंगाट होता, हे गाणं होतं. सावकाश, घाई नाही, प्रत्येक शब्द जागच्या जागी. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. सांगायला लाज नाही वाटत. एकतीस वर्षं मी फोंड्याला गाडी पाठवत होतो, आणि ही बाई माझ्या चुलीपाशी लाडू वळत बसली होती. एवढा मोठा गाढव मीच!

गर्दीतून सुविधा निघून जाताना दिसली. मला वाटलं, ही चालली माहेरी. थोड्या वेळाने रस्त्याच्या बाजूने तापल्या तेलाचा वास आला आणि मग भज्यांचा. सहानंतर सगळा वाडा चहाला येणार, हे तिने बरोबर ओळखलं होतं.

सहा वाजता न्हाव्यांच्या पुढच्या पाराने नाम उचललं. फट पडली नाही. पार पुरा झाला की मुख्य माणसाला मानाचा नारळ देतात. एकतीस वर्षं तो मी घेतला होता. गोकुळदास नारळ घेऊन पायरीवर आला आणि सवयीने माझ्यापुढे थांबला. माझाही हात सवयीने पुढे गेला होता. तो मी मागे घेतला.

"मालकिणीला दे," मी म्हटलं. घसा असा बसला होता की त्याला वाकून ऐकावं लागलं.

त्याने माइक घेतला. "ट्रकवाल्यांचा पार, अखंड," तो म्हणाला. "मुख्य, सुमंगला सगुण परब."

टाळ्या वाजल्या. सुमंगलाने नारळ पदरात घेतला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "चला आता. की आणखी गायचंय?"

ट्रक काही दुसऱ्या दिवशी चालू झाले नाहीत, पुढे कित्येक महिने झाले नाहीत. पण ट्रकवाले संपले असं आमच्या वाड्यावर पुन्हा कोणी म्हणालं नाही. त्या संध्याकाळी ती नारळ घेऊन पुढे चालली होती आणि मी दोन पावलं मागून, रिकाम्या हातांनी, छाती काढून. कडेने जायची आमची पायवाट आहे. मी मुद्दाम रस्त्याच्या मधोमध चाललो, ज्याला बघायचं त्याने नीट बघावं म्हणून.