सातवा आकडा

“काका, वहीतलं सातवं नाव आज काढून टाका,” वर्ग घेणाऱ्या सिस्टर म्हणाल्या. “या नवीन बाई आल्यात. त्यांना तिथं उभं करू.”

टाइमकीपरने पेनाचं टोपण काढलं आणि पुन्हा लावलं. “आधी उभ्या तर राहू देत. पहिल्या दिवशी नाव लावायचं नसतं.”

हा नियम त्याने त्याच क्षणी जन्माला घातला होता. पण चौतीस वर्षं कारखान्याच्या फाटकावर हजेरी मांडलेल्या माणसाशी नियमावरून कोण हुज्जत घालणार? आलेल्याला गैरहजर नाही आणि न आलेल्याला हजर नाही, एवढीच त्याची जन्माची कमाई. सख्ख्या मेहुण्याची दांडीसुद्धा त्याने झाकली नव्हती. मेहुणा मग सहा वर्षं घरी फिरकला नाही. तीही गैरहजेरी याच्या डोक्यात दिवसवार होती.

चीगोंगच्या, म्हणजे चिनी श्वासव्यायामाच्या, या वर्गाला आधी त्याची बायको यायची. तिला दमा. घराच्या जिन्याच्या मधल्या वळणावर तिच्यासाठी स्टूल ठेवलेलं असे. वर्ग सुरू करून चार महिने झाले आणि तिने ते स्टूल घरात आणून त्यावर कुंडी ठेवली.

“बघितलंत? अहो, चला ना तुम्हीही. रक्तदाब उतरेल.”

“हवेत हात फिरवून आजार जात असते, तर चौकातला पोलीस अमर झाला असता!”

हे वाक्य त्याला इतकं आवडलं, की आल्यागेल्यालाही तो ते ऐकवू लागला. ती हसायची. पुढेपुढे हसेनाशी झाली.

ती गेली ती मेंदूतल्या रक्तस्रावाने. दम्याचा त्यात काही हात नव्हता. महिन्याभराने तिचे कापडी बूट न्यायला तो या हॉलवर आला, आणि राहिलाच. त्याला सात महिने झाले. रक्तदाब एकशे सत्तरवरून एकशे अडतीसवर उतरला. गोळ्या होत्याच म्हणा, पण त्या आधीही होत्या. गुडघे कुरकुरेनात, झोप सलग लागू लागली. डॉक्टर खूश होते. हा नव्हता. हा तब्येतीसाठी येतच नव्हता.

वर्गाची एक रीत होती. गुडघे जरा वाकवायचे, पोटाशी मोठा चेंडू धरल्यासारखे हात धरायचे, डोळे मिटायचे, आणि श्वास सोडतासोडता आपापला आकडा म्हणायचा. हीच हजेरी; ती वहीत मांडायचं काम आता टाइमकीपरकडे. बायको सातवी होती; तिच्या शेजारचा आठवा आकडा रिकामा होता, तो याला मिळाला. ती गेल्यावर आकडे कुणी हलवले नाहीत. सहा झाला की एका श्वासाएवढी शांतता, मग आठ. त्या शांततेसाठी तो यायचा, रोज कान टवकारून. तिचा आकडा धापेने मधेच तुटायचा, ती तो दोनदा म्हणायची, असं सिस्टर सांगत. त्याने तो एकदाही ऐकला नव्हता. वहीत तिच्या नावापुढचं घर कोरं राही. गैरहजेरीची फुली मारायला हात धजत नव्हता आणि ‘ह’ लिहायला पुरावा नव्हता.

नवीन बाई शिवणकाम करणारी, मान आखडली म्हणून आलेली. ती सातव्या जागी उभी राहिली. सगळ्यांनी डोळे मिटले.

“पाच.”

“सहा.”

पुढे काहीच नाही. टाइमकीपरने वाट पाहिली. मग म्हणाला, “आठ.”

संपल्यावर सिस्टर हसल्या. “अहो बाई, पहिल्याच दिवशी आकडा विसरलात!”

“विसरले कुठं? त्या बाई म्हणाल्या ना सात. मला वाटलं, आकडा त्यांचाच असेल.”

“कुठल्या बाई?”

“या काय, माझ्या नि काकांच्या मधे...” तिने वळून पाहिलं. एकेक चेहरा न्याहाळला. मग नकळत स्वतःचा दंड चोळत म्हणाली, “बाही लागत होती त्यांची. म्हणून तर मी सरकले.”

कुणीतरी हसलं, एकटंच. सिस्टरनी उगाचच एक खिडकी लावून घेतली.

टाइमकीपर जवळ आला. “धाप लागलेली होती का हो?”

“छे! अगदी सावकाश, एका श्वासात. मी मनात म्हटलं, आपल्याला कधी जमायचं असं?”

त्याने वही उघडली. नवीन नाव सगळ्यांत खाली, तेराव्या ओळीत लिहिलं.

दुसऱ्या दिवशी तो सर्वांआधी येऊन उभा राहिला. डोळे मिटले गेले. चार. पाच. सहा.

त्याने श्वाससुद्धा रोखून धरला. काही नाही. पंखा नाही, पाऊल नाही. मग आयुष्यात पहिल्यांदा त्याने नियम मोडला आणि एक डोळा किलकिला केला. पार टोकाला, तेराव्या जागी, शिवणकाम करणारी बाई डोळे मिटून उभी होती. तिने हळूच मान डोलावली. कुणाचं बोलणं ऐकून डोलवावी, तशी.

“आठ,” तो म्हणाला.

वर्ग पांगल्यावर त्याने सातव्या ओळीत कालच्या आणि आजच्या तारखेखाली ‘ह’ लिहिला. मागची सात महिन्यांची घरं भरायला पेन क्षणभर वळलं. पण तेव्हाचा साक्षीदार कोणी नव्हता. ती त्याने कोरीच ठेवली.