लग्नाचा रोल

लग्नाच्या फोटोंसाठी रोल निवडायला फोटोग्राफर वैजनाथ आप्पासाहेबांना आणि त्यांच्या मुलीला, मंदाला, शहागंजातल्या दुकानात घेऊन आला होता. मंदानं वाळूजच्या कारखान्यातला मुलगा स्वतः पसंत केला, तेव्हापासून आप्पासाहेब तिच्याशी धड बोलत नव्हते.

"हा घ्या. स्वस्त हाय अन् ताजाबी हाय," वैजनाथ म्हणाला. "तो ह्याच्याहून स्वस्त, पन मुदत संपलेला. त्यात चेहरे हिरवट पडत्यात."

"आपल्या माणसांना ताजा लाव," आप्पासाहेब म्हणाले. "नवरदेवाकडच्यांना तो हिरवट."

वैजनाथला ती थट्टा वाटली. "अन् नवरा-नवरी एका फोटोत आले तर?"

"एका फोटोत घ्यायचंच नाय."

मंदानं मुदत संपलेला रोल उचलून वैजनाथच्या हातात ठेवला. "माझे सगळे फोटो याच्यावर काढा. मी आता त्यांच्यातलीच."

"काढ तिचे त्याच्यावरच," म्हणत आप्पासाहेब तरातरा बाहेर पडले.

वैजनाथनं दोघांचंही ऐकलं नाही. सगळं लग्न त्यानं ताज्या रोलवर काढलं आणि रंगही झकास आले. मुलीशेजारी बापाला उभं करणं मात्र त्याला शेवटपर्यंत जमलं नाही.