मास्तरांचा आत्मा आणि अर्धा सेकंद

मास्तर वारले त्याला चार महिने झाले होते आणि दर गुरुवारी संध्याकाळी ते गात असत. निदान गल्लीचं तसं ठाम मत होतं.

त्यांच्या बाहेरच्या खोलीत पंचवीस माणसं दाटीवाटीने बसत. जिन्यावर चपलांचा ढीग पडे. कोपऱ्यावरचे शिंपीकाका तासभर आधी येऊन स्पीकरखालची जागा पटकावत. आतल्या खोलीत मास्तरांचं रेकॉर्डिंगचं सामान होतं: भिंतींना लावलेल्या जुन्या रजया, एक मायक्रोफोन आणि तेरा वर्षांचा कॉम्प्युटर, जो चालू व्हायला लागला की माणसाचा चहा पिऊन कप धुऊन व्हायचा. त्याच्यासमोर मास्तरांच्या पत्नी, म्हणजे वहिनी, कानाला हेडफोन लावून बसत आणि गाऊ लागत. उघड्या दारातून त्यांचा आवाज बाहेर येई आणि पाठोपाठ भिंतीवरच्या स्पीकरमधून तीच ओळ पुन्हा ऐकू येई. वहिनींची जीभ अडखळे, गाणं मंदावत जाई, डोळ्यांना धार लागे. बाहेर बायका पदर डोळ्यांना लावत.

"ऐका," नादमहाराज दोन्ही हात वर करून सांगत. "देह गेला, नाद उरला. मास्तरांना आता कंठ नाही. म्हणून ते वहिनींचाच कंठ उसना घेतात. परलोकातून इथे पोचायला त्यांना अर्धा सेकंद लागतो."

"अर्धाच?" शिंपीकाकांनी एकदा भीतभीत विचारलं होतं.

"पुण्यवानाला अर्धा. तुम्हाला आठवडा लागेल."

हे नादमहाराज चार महिन्यांपूर्वीपर्यंत लाऊडस्पीकर भाड्याने देत. मास्तर गेल्यावर वहिनींनीच त्यांना बोलावलं होतं, पण मशीन दुरुस्त करायला. "गाताना माझ्या मागे कुणीतरी गातंय असं वाटतं," एवढंच त्या बोलल्या. गड्याला बिघाड मिनिटात कळला. बाईंचे ओले डोळेही दिसले. पक्कड घेऊन आलेला माणूस दुसऱ्या दिवशी पांढरा पायघोळ अंगरखा घालून आला. गल्लीला याचं काहीच वाटलं नाही. वाल्याचा वाल्मीकी होतो, तर लाऊडस्पीकरवाल्याने काय घोडं मारलंय?

मास्तरांची धाकटी बहीण तेवढी याला बधली नाही. तिने एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लांबच्या गावांचे फोन जोडले होते. सगळे तिला ऑपरेटरबाई म्हणत. भावाच्या रेकॉर्डिंगला ती पूर्वी या मशीनवर बसतही असे. आठ दिवसांसाठी म्हणून ती भावजयीकडे आली, गेल्या गुरुवारचा सोहळा तिने पाहिला आणि तेव्हापासून तिचं डोकं तडकलेलं होतं.

आजचा गुरुवार तर मोठा होता. आज वहिनी आतल्या खोलीची किल्ली महाराजांना देणार होत्या. खोलीचं 'नादपीठ' होणार होतं आणि पुढे वहिनींनी महाराजांच्या परवानगीशिवाय एक ओळही गायची नव्हती. मास्तरांनी जाण्यापूर्वी आपल्या नऊ गाण्यांचं व्हायोलिन वाजवून ठेवलं होतं. त्यावर गायचं होतं वहिनींनी. तसा त्यांनी मास्तरांना शब्द दिला होता. नऊच्या नऊ गाणी तशीच पडून होती.

"वन्सं, आज तुम्ही काही बोलू नका," स्वयंपाकघरात वहिनी म्हणाल्या. "ते खरंच असतात हो. मी गायला लागले की मागे ओढतात मला. त्यांना एकटं वाटत असेल."

ऑपरेटरबाईंना भडाभडा बोलायचं होतं. वहिनींचा चेहरा पाहून त्यांनी निम्मं गिळलं. "वहिनी, मला एकच सांग. दादा ताल चुकणाऱ्याला काय म्हणायचा?"

"वही फेकून मारायचे."

"मग जन्मभर ठेक्याला पक्का असलेला माणूस मेल्यावर प्रत्येक ओळीला मागे कसा पडायला लागला?"

वहिनींनी हातातली किल्ली मुठीत घट्ट धरली.

बाहेर खोली भरली. महाराज कॉम्प्युटरसमोर वाकले आणि नेहमीप्रमाणे म्हणाले, "सर्वांनी डोळे मिटा. नादाला लाज वाटते."

पंचवीस जणांनी डोळे मिटले. ऑपरेटरबाई दारातच बसल्या होत्या. आयुष्यभर दिव्यांवर नजर ठेवून बसलेल्या त्या बाईला डोळे मिटायची सवयच नव्हती. त्यांनी पाहिलं, महाराजांनी माऊस हलवला, पडद्यावर आकड्यांची एक यादी उघडली, वरचा लहान आकडा सोडून तळाचा मोठा आकडा निवडला आणि यादी मिटली. गेल्या गुरुवारी शिंपीकाकांनी एक आगाऊ प्रश्न विचारल्यावर महाराज असेच वाकले होते. त्यानंतर मागचा आवाज गेला आणि नुसतं कर्रकर्र ऐकू येऊ लागलं. "आत्मा दात खातोय," असा खुलासा तेव्हा झाला होता. शिंपीकाका रात्रभर झोपले नव्हते.

"महाराज," ऑपरेटरबाई एकदम मऊ आवाजात म्हणाल्या, "किल्ली देण्याआधी बहिणीला भावाशी दोन शब्द बोलू द्याल?"

भरल्या सभेत नाही म्हणणं बरं दिसेना. महाराजांनी मान हलवली. बाई मायक्रोफोनसमोर बसल्या. हेडफोन त्यांनी काढून बाजूला ठेवले आणि एक्स्चेंजमधल्या त्या जुन्या, एकेक शब्द सुटा करणाऱ्या आवाजात त्या बोलल्या.

"हॅलो."

"हॅलो," स्पीकर म्हणाला. बाहेर सगळ्यांच्या अंगावर काटा आला.

"दादा."

"दादा."

"मास्तर स्वतःलाच दादा का म्हणतायत?" शिंपीकाका पुटपुटले.

"आत्म्याला आपपरभाव नसतो," महाराज म्हणाले.

बाईंनी घसा साफ केला. मास्तरांनीही केला. मग एकेक शब्द सुटा करत, मध्ये पुरतं थांबत त्या बोलल्या, "किल्ली. याला. देऊ. नका."

प्रत्येक शब्दामागे स्पीकर बोलत गेला. किल्ली. याला. देऊ. नका.

"मास्तर नको म्हणतायत," शिंपीकाका म्हणाले.

"अहो, ते त्या बाई म्हणतायत," महाराज हसण्याचा प्रयत्न करत म्हणाले.

"बाईंचं दारातून ऐकू आलं. स्पीकरमधून येतो तो मास्तरांचा आवाज, असं तुम्हीच सांगितलंत."

"हा. माणूस. लबाड. आहे," आतून आणि मग भिंतीवरून ऐकू आलं.

शिंपीकाका उठून उभे राहिले. त्यांच्यामागे आणखी चारपाच जण उठले. "मास्तर जन्मात कधी खोटं बोलले नाहीत," काका म्हणाले आणि महाराजांच्या अंगरख्याच्या बाहीला त्यांनी हात घातला.

तिथे महाराजांचं वैराग्य संपलं. "कसला मास्तर घेऊन बसलात? तो त्या बाईचाच आवाज आहे. मशीन म्हातारं झालंय, म्हणून आवाज आत जाऊन बाहेर यायला उशीर लागतो. बफर वाढवला की उशीर आणखी वाढतो, एवढंच." बोलता बोलता आपण काय बोलून बसलो ते त्यांच्या लक्षात आलं.

"थांबू नका," ऑपरेटरबाई म्हणाल्या. "आकडा सांगा."

"आठ हजार एकशे ब्याण्णव," लाऊडस्पीकरवाल्याच्या तोंडून सवयीने निघून गेलं.

बाईंनी यादी उघडून सगळ्यांना दाखवली. "नळाखाली बादली लावतो ना, तसा हा बफर. आवाज बादलीत साठतो. बादली भरली की मशीन ती पुढे ओततं. बादली मोठी, तर भरायला वेळ लागतो आणि आवाज उशिरा येतो. बादली लहान, तर या म्हाताऱ्या मशीनला ती भराभर उचलणं झेपत नाही, पाणी सांडतं आणि कर्रकर्र होतं. काका, तुमच्यावर कुणी दात खाल्ले नव्हते."

शिंपीकाका इतके संतापले होते की त्यांना हुश्श म्हणायचंही सुचलं नाही.

"आणि जीभ अडखळते ती?" एका बाईने विचारलं. "ती तर आम्ही कानांनी ऐकली."

"लांबच्या फोनवर आपलाच आवाज उशिरा कानात परत आला की भलेभले तोतरे व्हायचे. मी सांगायची, फोन कानापासून जरा लांब धरा. लगेच नीट बोलायला लागायचे."

या गडबडीत महाराज कधी सटकले ते कुणाला कळलं नाही. पंचवीस माणसं मान खाली घालून आपापल्या चपला शोधू लागली.

वहिनी आतल्या खोलीत बसून होत्या. "म्हणजे ते कधीच नव्हते," त्या म्हणाल्या. "चार महिने मी माझ्याशीच बोलत होते."

ऑपरेटरबाईंना त्यांचा फार राग आला आणि त्याहून जास्त माया आली. त्यांनी मास्तरांच्या पहिल्या गाण्याची फाईल उघडली. सुरुवातीचा थोडा भाग बंद करून ठेवलेला होता. "हे कुणी केलं?"

"महाराज म्हणाले, तिथे अशुभ स्पंदनं आहेत. तेव्हापासून मी ते लावलंच नाही."

बाईंनी तो भाग चालू केला. एक खोकला ऐकू आला, खुर्ची करकरली आणि मग मास्तर स्वतःच्या घोगऱ्या आवाजात म्हणाले, "एक, दोन, तीन, चार." लगेच व्हायोलिन सुरू झालं. खरा मास्तर बोलला असता, तर खोट्याची पंचाईत झाली असती. वहिनी तोंडावर हात ठेवून रडल्या. ऑपरेटरबाईंनी त्यांना रडू दिलं.

मग त्यांनी मशीनमधून परत येणारा गाण्याचा आवाज बंद केला. हेडफोनमध्ये फक्त व्हायोलिन ठेवलं आणि वहिनींचा एक कान उघडा ठेवला, म्हणजे स्वतःचा आवाज हवेतूनच ऐकू येईल. "रेकॉर्ड झालेलं गाणं तरीही जरा उशिरा बसेल," त्या म्हणाल्या. "म्हणून आधी दादाच्या 'एक'वर टाळी वाजव. नंतर ती टाळी त्याच्या 'एक'शी जुळेपर्यंत तुझं गाणं माऊसने अलीकडे सरकवायचं. त्यासाठी परलोकातून कुणाला यावं लागत नाही."

पुढच्या गुरुवारी सवयीने दहाबारा माणसं आलीच. शिंपीकाका स्पीकरखाली बसले होते. स्पीकर गप्प होता.

"आज काय आहे?" कुणीतरी विचारलं.

"गाणं आहे, बसा," ऑपरेटरबाई म्हणाल्या. "आणि एक लक्षात ठेवा. तुमच्यातल्या कुणीही बसल्या जागेवरून 'मास्तर, व्हायोलिनच्या पेटीत काय ठेवलंय' असं विचारलं असतं, तर स्पीकरने काहीच उत्तर दिलं नसतं आणि हा तमाशा पहिल्याच दिवशी संपला असता. पंचवीस माणसांत एकानेही विचारलं नाही. माणूस गेला की घर दुःखाने हळवं होतं, त्यात लाज नाही. पण त्या दुःखावर कुणी दुकान मांडायला आला, तर प्रश्न विचारणं हे शेजाऱ्यांचं काम असतं. आणि जो डोळे मिटायला सांगतो, त्याच्या हाताकडे तर जरूर बघत जा."

कुणी मान वर केली नाही. आतल्या खोलीची किल्ली वहिनींच्या कमरेला होती. "एक, दोन, तीन, चार," हेडफोनमध्ये मास्तर म्हणाले, 'एक'वर वहिनींची टाळी वाजली आणि त्या गाऊ लागल्या. त्यांच्यामागे कुणीही गात नव्हतं. पहिलं गाणं त्या संध्याकाळी पुरं झालं. आता आठ राहिली होती.