पियानोला नारळ

मुरुमच्या महालिंगप्पांनी सोलापूरच्या लिलावात पियानो घेतला तो लेकीच्या हट्टापायी, असं ते सांगत. आमचा अंदाज वेगळा. शेजारच्या आडत्याकडं नुकताच फोनोग्राफ आला होता.

लेक शिवकांता सोलापूरला मावशीकडं राहून मडमेकडं वाजवायला शिकली होती. पण पोरीनं चारचौघांत वाजवायचं, हे मुरुमात नवीन. तेव्हा अप्पांनी तोड काढली. बसवजयंतीला मठाच्या पटांगणात, वरातीत वाजवणाऱ्या ईरण्णाच्या बाजासंगं एकदा वाजवायचं. माणसं बसली तर पियानो राहील. उठून गेली तर सोलापूरला परत.

महिनाभर तालीम झाली. सनई, कलारनेट, ताशा, ढोल आणि मधोमध पियानो. जयंतीच्या सकाळी अप्पांनी पियानोला विभूती लावली आणि त्याच्यावरच नारळ फोडला. नवी मोट असो की नवी गाडी, नारळाशिवाय आमच्याकडं काही सुरू होत नाही. पाणी पट्ट्यांत उतरलं. संध्याकाळी शिवकांतानं बोटं फिरवली, तर मधल्या काही पट्ट्या दबल्या त्या वर येईनात.

"काय केलंत अप्पा हे?"

"देवाचं पाणी हाय, बाधत न्हाय," म्हणत अप्पा उगाच हार सारखा करू लागले.

"मग तुमच्या वखारीतल्या गुळावर ओता की," आई जगदेवी म्हणाली.

पटांगण भरलं होतं. शिवकांता उठायच्या बेतात होती. ईरण्णा कलारनेट पुसत म्हणाला, "अक्का, वरातीत आमच्यातल्या एकाचा दम संपला की दुसरा सूर उचलतो. वऱ्हाडाला पत्ता लागत न्हाय. तुमी थांबू नका. पट्टी मुकी झाली की म्या हाय."

पहिल्या मुक्या पट्टीला तो उशिरा आला. मागं कुणी हसलं. काहीजण धोतर झटकत उठले. शिवकांतानं हात थांबवला नाही, चाल जराशी संथ केली. दुसऱ्या वेळी कलारनेट नेमकं बसलं. मग सनईवालाही सामील झाला.

पुढं बसलेल्या मल्लम्मा शेजारणीला म्हणाल्या, "पोरगी इचारती आन् बाजा जबाब देतो बघ."

हे बोलणं मागं पोचलं तसे उठलेले एकेक करून बसले. उमगलेली गोष्ट अर्धी सोडून जायला आमच्या गावाला जमत नाही.

चाल संपल्यावर अप्पा ईरण्णाजवळ आले. "पट्ट्या दुरुस्त करणारा मिस्त्री सोलापुरात हाय का?"

"हाय की. पियानो धाडायचाच हाय तिकडं, न्हव का?" ईरण्णानं तोंड सरळ ठेवून विचारलं.

"एवढं धूड कशाला हलवायचं? मिस्त्रीलाच आणा."

शिवकांतानं ऐकलं, पण मान वळवली नाही. तिनं पुढची चाल धरली होती.