दोन तिरक्या रेघांची खोली

पाळणाघराच्या झोपायच्या खोलीला खिडकीच नव्हती. "छतात हवेच्या दोन जाळ्या आहेत की!" तिथल्या बाई म्हणाल्या. माझी लेक नऊ महिन्यांची. जरा सर्दी झाली की तिच्या छातीतून शिट्टी वाजते. सोमवारी तिला तिथे ठेवून मी कामावर रुजू होणार होते, आणि माझा काही केल्या धीर होईना.

माझ्या सासऱ्यांनी उभा जन्म इमारतींमध्ये हवेचे पत्र्याचे डक्ट बसवले. पाळणाघराच्या इमारतीतलेही त्यांच्याच हातचे. त्यांनी माळ्यावरून ड्रॉइंगची गुंडाळी काढली, फरशीवर पसरली आणि चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या. एक लेकीने लगेच पळवली.

"चौकोनात दोन तिरक्या रेघा, म्हणजे फुली, तिथून हवा येते. एकच रेघ, तिथून जाते."

"आणि हे ३०० बाय १५०?"

"मिलिमीटर. पहिला आकडा इथे दिसते ती रुंदी, दुसरा न दिसणारी उंची. उलटं वाचलंस तर डक्ट छतात मावत नाही. मी एकदा वाचलं होतं. तुझ्या सासूला अजून माहीत नाही."

"ऐकतेय हो मी!" स्वयंपाकघरातून आवाज आला.

गच्चीवरच्या यंत्रापासून बोट ठेवून मी निघाले. १२०० बाय ६००. एक फाटा सुटला की डक्ट बारीक. ८००. ५००. शेवटी ३०० बाय १५०, फुली, आणि शेजारी बारीक अक्षरांत: मुले २०, सेकंदाला १६० लिटर. माझं बोट तिथेच राहिलं. ही मुलं जन्मायच्याही आधी कुणीतरी टेबलाशी बसून त्यांचा श्वास मोजून ठेवला होता. त्यात आठ लिटर माझ्या लेकीचे. अंगावर सरसरून काटा आला.

"ही दांडी कसली, बाबा? दाराबाहेर, पॅसेजमध्ये?"

"झडप. दांडी डक्टच्या दिशेला तर उघडी, आडवी तर बंद."

सोमवारी झाडूच्या दांड्याला टिश्यूची पट्टी चिकटवून मी जाळ्यांखाली धरली. एका रेघेच्या जाळीने पट्टी वर ओढली. फुलीच्या जाळीखाली पट्टी ढिम्म.

"ताई, मशीन चालू आहे," इमारतीचा देखभालवाला म्हणाला. "हवा काय डोळ्यांना दिसते?"

"ड्रॉइंगमध्ये दिसते. दारापासून दोन मीटरवर, पॅसेजच्या छतात झडप आहे. बघा ना जरा."

पुटपुटत तो शिडी चढला, छताची फळी सरकवली आणि डोकं आत घातलं.

"आडवीच आहे की हो! रंगकामाच्या वेळी आत धूळ जाऊ नये म्हणून बंद केली असणार. नंतर उघडायचं राहूनच गेलं."

दांडी कर्रकन फिरली. मी पुन्हा झाडू उंचावला. पट्टी थरथरली, मग वाकली ती वाकलेलीच राहिली. पाळणाघराच्या बाई तोंडावर हात ठेवून बघत राहिल्या. मीही बघतच राहिले.

फोन वाजला. "हलतेय का गं?"

"उडतेय, बाबा!"

लेकीला पाळण्यात ठेवलं. तिच्या जावळाचे केस हळूच हलले. मी पर्स उचलली.