हिरव्या टिपक्यांचा वर्ग

दुसरीच्या बाई भलत्याच हळव्या. पोरगं रडायला लागलं की आधी यांचेच डोळे भरायचे. त्यामुळे शाळेत टॅबलेट आले आणि बाईंची पंचाईत झाली. मुलांनी उतारा वाचून प्रश्न सोडवायचे. बरोबर आलं की नावापुढे हिरवा टिपका, चुकलं की लाल. लाल दिसला की पोरं हिरमुसायची आणि बाईंना ते बघवायचं नाही.

मग मधल्या सुट्टीत टॅबलेट चार्जिंगला लावता लावता त्या चुकलेली उत्तरं गुपचूप दुरुस्त करू लागल्या. पासवर्ड त्यांच्याकडेच होते, विचारणार कोण? बघता बघता वर्ग हिरवागार झाला.

सगळ्यात जास्त दुरुस्त्या भिंगरीच्या. मैदानात ही पोरगी क्षणभर पाय टेकवायची नाही, पण अक्षरं समोर आली की दगडासारखी गप्प. येईल हळूहळू, अशी बाई स्वतःची समजूत घालायच्या.

एक दिवस मुख्याध्यापिकांनी त्यांना बोलावलं. स्वारी खुशीत होती.

"वाचन कच्चं असलेल्या मुलांसाठी खास शिक्षिका मिळाल्यात. एकेकाला जवळ बसवून शिकवणार. मुलं कॉम्प्युटरनेच टिपके बघून निवडलीत. तुमच्या वर्गातलं एकही नाही! कमाल केलीत हं."

बाईंना भिंगरी आठवली. गप्प राहिलं असतं तर कौतुक पदरात पडलं असतं, आणि भिंगरी तशीच न वाचता तिसरीत गेली असती.

"ते टिपके माझे आहेत," त्या कशाबशा म्हणाल्या. "मुलांचे नाहीत."

मुख्याध्यापिका डोक्याला हात लावून बसल्या. "अहो, लाल दिसलं की मदत पाठवता यावी, म्हणून तर हा सगळा खटाटोप! मी रागावणार होते का कुणाला?" मग जरा शांत होऊन म्हणाल्या, "पुसा सगळं. उद्या मुलांकडूनच करून घ्या. मी वरती कळवते."

दुसऱ्या दिवशी बाई भिंगरीजवळ बसल्या. दुरुस्त्या करणारे आपले हात त्यांनी मांडीखाली दाबून ठेवले होते. पोरगी अडखळली, घामाघूम झाली, शेवटी तिने एक उत्तर दाबलं. लाल. पुढचंही लाल.

बाईंना वाटलं, आता रडणार. पण भिंगरी स्क्रीनकडे टक लावून बघत राहिली.

"बाई, आधी लालचे हिरवे कसे व्हायचे?"

"मी करायचे गं. तुला वाईट वाटू नये म्हणून."

"मी घरी सांगायचे, माझं सगळं बरोबर आलं. मग आई म्हणायची, वाचून दाखव. मला येतच नव्हतं." तिने ओठ दुमडले. "आईला वाटायचं, मी थापा मारते. मलापण तसंच वाटायचं. मी खोटारडी नाही ना, बाई?"

बाईंनी तिला जवळ ओढलं.

"नाही गं राणी. मी तुझ्या आईला भेटून सांगते. आजच."